खांद्यांवरचे संत : प्रागच्या ब्रोकोफ घराण्याविषयी

प्राग शहरातील चार्ल्स पुलाला त्याचे आजचे नाव १८७० साली मिळाले. त्यापूर्वी लोक त्याला नुसता दगडी पूल किंवा प्रागचा पूल म्हणत. चौथ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत, १३५७ साली त्याचे बांधकाम सुरू झाले. सोळा कमानींवर व्लतावा नदी ओलांडणाऱ्या या पुलाच्या दोन्ही कठड्यांवर आज तीस शिल्पे आहेत. पूल गॉथिक काळातला आणि शिल्पांची कल्पना बरोक काळातली. दोहोंमध्ये सुमारे साडेतीन शतकांचे अंतर आहे. बहुतेक शिल्पे १७०६ ते १७१४ या अवघ्या आठ-नऊ वर्षांत उभी राहिली, आणि त्या आधीची व त्या काळातली मिळून दहाहून अधिक शिल्पे ब्रोकोफ या एकाच घराण्याच्या कार्यशाळेतून आली. वडील यान ब्रोकोफ आणि त्यांचे दोन मुलगे, मिखाल यान योसेफ व फर्डिनंड मॅक्सिमिलियन.

शिल्पकला हा माझा विषय नव्हे. तरीही या घराण्याविषयी लिहावेसे वाटले याचे कारण वेगळे आहे. जुन्या मराठी काव्याच्या अभ्यासकाला एका प्रश्नाशी सतत झगडावे लागते : ही रचना ज्याच्या नावावर आहे, त्याच्याच हातची आहे काय? त्या पुलावरून चालताना हाच प्रश्न दगडाच्या रूपाने माझ्यासमोर पुन्हा पुन्हा उभा राहिला, आणि एका शिल्पापाशी तर त्याला अशी काही धार आली की तो निव्वळ अभ्यासाचा प्रश्न उरला नाही.

यान ब्रोकोफ यांचा जन्म १६५२ सालचा, स्पिश्स्का सोबोता या गावचा. हे गाव तेव्हा हंगेरीच्या राज्यात होते. आज ते स्लोव्हाकियात आहे. जर्मन बोलणाऱ्या ल्यूथरपंथी वस्तीतला हा कारागीर कामाच्या शोधात बोहेमियात आला, तेथे कॅथलिक झाला, त्याने संसार थाटला आणि उमरावांच्या वाड्यांवर, बागांत, चर्चमध्ये मिळेल ते काम करत तो गावोगाव फिरला. थोरला मुलगा १६८६ साली जन्मला आणि धाकटा फर्डिनंड १६८८ साली चेर्वेनी ह्रादेक येथे, म्हणजे वडील जेथे कामाला होते तेथे. बापाच्या कामाच्या जागी मूल जन्माला यावे आणि चालू लागण्याच्या वयात त्याच्या हाती छिन्नी यावी, हे आपल्याकडील पाथरवटांच्या किंवा सोनारांच्या घरांत नवलाचे नाही. युरोपातही तेव्हा ते नवलाचे नव्हते.

पुलावरच्या संतांची रांग ज्या पुतळ्यापासून सुरू झाली तो नेपोमुकच्या योहानाचा पुतळा १६८३ सालचा आहे. या धर्मगुरूला १३९३ साली याच पुलावरून नदीत फेकण्यात आले होते. पुतळा कुणाचा, असे विचारले तर उत्तर देणे सोपे नाही. मातीचा छोटा नमुना माथियास राउखमिलर याने केला. त्यावरून मोठी लाकडी मूर्ती यान ब्रोकोफने कोरली. आणि त्या मूर्तीवरून न्यूरेंबर्ग येथे कांस्याचे ओतकाम झाले. कल्पना एकाची, आकार दुसऱ्याचा, धातू तिसऱ्याचा. आज हजारो लोक ज्या पुतळ्याच्या चौथऱ्यावरील फलकाला हात लावून पुढे जातात, त्यात असे तीन हात एकमेकांत मिसळलेले आहेत.

याहून नाजूक प्रकरण १७०७ सालच्या शिल्पाचे आहे. संत बार्बरा, संत मार्गारेट आणि संत एलिझाबेथ या तिघींचा हा समूह. त्यावर नाव कोरलेले आहे ते वडिलांचे, यान ब्रोकोफ यांचे. परंतु वस्त्रांच्या चुण्यांची खोली, मानेची वळणे आणि बोटांची जिवंत हालचाल पाहून कलेतिहासकारांनी ते काम फर्डिनंडचे ठरविले आहे. फर्डिनंड तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. कार्यशाळा वडिलांची, करार वडिलांशी, पैसे वडिलांच्या हाती; तेव्हा नावही वडिलांचे. यात फसवणूक आहे असे त्या काळी कुणाला वाटले नसेल. नाव ही तेव्हा घराची मुद्रा होती. व्यक्तीची सही हा तिचा अर्थ पुढे रूढ झाला.

येथे मला नामदेवांच्या घराची आठवण होणे अपरिहार्य होते. नामदेवांच्या गाथेत केवळ नामदेवांचे अभंग नाहीत. नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार मुलगे, आई गोणाई, पत्नी राजाई, घरात दासी म्हणून राहिलेली जनाबाई अशा सगळ्या घराचे अभंग तेथे एकत्र येतात. त्यात पुढे सोळाव्या शतकातील विष्णुदास नाम्याची रचना मिसळली, आणि ‘नामा’ ही दोन अक्षरे पाहून अभंग कुणाचा हे सांगणे अवघड झाले. संपादकांनी भाषेच्या, संदर्भांच्या आणि हस्तलिखितांच्या आधारे निवड केली. ती आवश्यकच होती. पण निवड करताना आपण नकळत असे धरून चालतो की एका अभंगामागे एकच मन असते. कार्यशाळेला, आणि कदाचित वारकऱ्यांच्या घरालाही, ही अट मान्य नसावी. जनाबाईची मुद्रा तर स्वतःचे नाव सांगतानाच नामदेवांचेही सांगते. एवढे मात्र खरे की जनाबाईला निदान मुद्रा मिळाली. ब्रोकोफांच्या कार्यशाळेत वालुकाश्माचा ठोकळा प्रथम ओबडधोबड फोडून देणारे जे मदतनीस असतील, त्यांचे नाव कोणत्याही चौथऱ्यावर नाही.

दोघां भावांची तुलना अभ्यासक करतात, आणि ती थोरल्याला फारशी मानवत नाही. मिखालचा संत व्होयतेख (१७०९) नीटनेटका आणि भारदस्त आहे. पण त्याच्यासमोर कुणी थबकत नाही. त्याचा संत योसेफ १८४८ च्या बंडाळीत तोफांच्या माऱ्याने भंगला व पुढे त्या जागी दुसऱ्याच शिल्पकाराची मूर्ती आली. मिखाल १७२१ साली पस्तिशीत वारला. पुलावर फर्डिनंडशी खरी बरोबरी करणारा एकच शिल्पकार होता, तो घराबाहेरचा : मातियास बर्नार्ड ब्राउन. त्याची संत लुइटगार्डा (१७१०) वाऱ्यात विरघळणाऱ्या मेणासारखी आहे. फर्डिनंडचा दगड मात्र दगडच राहतो. त्याच्या माणसांना वजन असते. ती पायांवर उभी असतात, आणि काही उचलले तर त्यांच्या पाठीला ते जाणवते.

हे वजन ज्या शिल्पात सर्वांत अधिक आहे, त्यापाशी मराठी वाचकाने थांबावे असे मला वाटते. १७११ साली फर्डिनंडने संत फ्रान्सिस झेवियरचा समूह उभा केला. त्याचा खर्च प्राग विद्यापीठाच्या ईश्वरविद्या व तत्त्वज्ञान या शाखांनी केला होता. विद्यापीठे कशाकशावर पैसा खर्च करतात याचे हे एक जुने उदाहरण. झेवियर हातातला क्रूस उंच धरून उभा आहे. त्याच्यापाशी एक पौर्वात्य राजपुत्र बाप्तिस्म्यासाठी गुडघे टेकून आहे. त्याला सामान्यतः भारतीय राजपुत्र म्हणतात. आणि ज्या शिळेवर हे सगळे घडते, ती शिळा खाली अन्य वंशांच्या पुरुषांनी आपल्या खांद्यांवर तोलून धरली आहे. त्यांची ओळख पुस्तकागणिक बदलते. कुणी त्यांत मूर, तातार आणि चिनी पाहतात, कुणी जपानी, कुणी भारतीय. संताजवळ ग्रंथ घेतलेली जी आकृती आहे, तीत शिल्पकाराने स्वतःचा चेहरा घातला आहे अशी परंपरागत समजूत आहे.

झेवियर आपल्याला परका नाही. मे १५४२ मध्ये तो गोव्यात उतरला; ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर वारला; त्याचे शव १५५४ साली गोव्यात आणले गेले आणि आज ते जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे. गोव्याचे ख्रिस्ती लोक त्याला ‘गोंयचो सायब’ म्हणतात, आणि नवसाला जाणाऱ्यांत हिंदूही असतात. याच झेवियरने १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन असावे अशी मागणी केली होती. ते प्रत्यक्षात १५६० साली, त्याच्या मृत्यूनंतर आले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि गोव्याच्या स्मृतीत त्या एकमेकींना खोडून न काढता शेजारी नांदत आल्या आहेत. प्रागच्या दगडात मात्र दुसरी गोष्ट नाही. तेथे पूर्वेकडचा माणूस एक तर गुडघ्यावर आहे किंवा ओझ्याखाली.

त्या शिल्पासमोर उभे असताना मला राग आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझ्याच भाषेत, या शिल्पाच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, १६१६ साली, त्याच जेझुइट संघातील फादर थॉमस स्टीफन्स याचे ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे छापले गेले होते. त्यालाही धर्मांतरच साधायचे होते. पण त्यासाठी त्याला ओवी शिकावी लागली, लोक काय ऐकतात ते ऐकावे लागले. फर्डिनंड ब्रोकोफला यातले काही करावे लागले नाही. त्याने भारत पाहिला नव्हता, आणि भारतीय माणूस पाहिला असण्याचाही संभव कमी. त्याच्यापर्यंत पोचला तो जेझुइटांच्या पत्रांतला, चित्रांतला आणि उत्सवांतल्या सोंगांतला पूर्वेचा माणूस. तुर्कांचे वेगळे होते; १६८३ सालीच त्यांनी व्हिएन्नाला वेढा घातला होता आणि ती भीती घरोघर ताजी होती.

परंतु राग हे पाहण्याचे साधन म्हणून लवकर थकते. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी मुद्दाम वर न पाहता खालीच पाहिले. पुलावरून चालणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीला संत येत नाही. येतात ते खांदे. ताणलेले दंड, दबलेल्या माना, भार कोठून येतो याचे शरीराला झालेले ज्ञान. वरच्या संताची मुद्रा आपल्याला ठाऊक असते, ती हजार चित्रांतून आलेली आहे. खालच्या माणसांना उसने घेण्यासारखी परंपरा थोडी होती, म्हणून शिल्पकाराला ती माणसांवरून घडवावी लागली. कोणत्या माणसांवरून? मला वाटते, शिळा उचलणारी, ठोकळे गाड्यावरून उतरवणारी माणसे त्याने रोज कार्यशाळेच्या अंगणात पाहिली होती. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण ज्याने स्वतः दगड उचललेला नाही त्याला हे खांदे सुचणे कठीण.

याच हाताचा असा प्रत्यय अन्यत्रही येतो. १७१४ साली त्याने पुलावर माथाचा योहान, व्हालवाचा फेलिक्स व संत इव्हान यांचा समूह केला. पहिले दोघे गुलामांची खंडणी भरून सुटका करणाऱ्या पंथाचे. खाली गुहेत गजांआड ख्रिस्ती कैदी आहेत, आणि बाहेर पहाऱ्याला एक तुर्क व त्याचा कुत्रा. प्रागचे लोक या शिल्पाला तुर्काच्या नावाने ओळखतात. तीन संत कोण, हे सांगायला पुस्तक उघडावे लागते. त्याच सुमारास नेरुदा रस्त्यावरील मोर्झिन वाड्याच्या दारावरची गच्ची त्याने दोन मूरांच्या खांद्यांवर ठेवली. मोर्झिन या नावाचा मूर शब्दाशी जुळणारा ध्वनी हे त्यामागचे निमित्त. थोडक्यात, एका उमरावाच्या नावावरची कोटी दोन माणसांनी तीनशे वर्षे पाठीवर वागवली आहे.

आपल्या यादवकालीन मंदिरांत खांबांच्या शीर्षांवर असेच भार वाहणारे असतात. त्यांना कीचक म्हणतात. आपण त्यांच्याकडे फारसे पाहत नाही. ते बुटके, पोट सुटलेले, गमतीचे. देवळाच्या विश्वात त्यांचे स्थान ठरलेले असते आणि छत तोलणे हा त्यांचा स्वभावच मानला जातो. प्रागच्या पुलावरचा माझा राग मी या कीचकांसाठी कधी खर्च केला नव्हता. फरक आहे हे मान्य : कीचक हा कुणा खऱ्या देशाचा प्रतिनिधी नव्हे, त्याला कुणी जिंकलेले नाही. तथापि भार वाहणारा कोण असावा हे ठरवताना शिल्पशास्त्रेही समाजाकडे पाहूनच ठरवत असतील, ही शंका त्यानंतर माझ्या मनातून गेली नाही.

या परंपरेत एक विलक्षण अपवाद दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यांतून आणलेला, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला म्हणून गणला जाणारा तो बुटका यक्ष. डोक्यावर पसरट भांडे, चेहऱ्यावर मोकळे हसू. त्याच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत घडवणाऱ्याचे नाव आहे : कान्हदास नावाच्या सोनाराने तो घडविला. नाव चौथऱ्यावर नाही, दात्याचे नाही; भार वाहणाऱ्याच्या देहावर, त्याच्या हातावर, हाताने काम करणाऱ्याचे नाव. कान्हदासाने जागा निवडताना काय विचार केला असेल ते कळायला मार्ग नाही, पण तेथे ते नाव वाचल्यापासून ब्रोकोफ जर खरोखरच आपल्या शिल्पात कोठे असेल तर तो ग्रंथ धरणाऱ्या आकृतीत नसून खाली कोठेतरी असावा, असे मला वाटत आले आहे.

यान ब्रोकोफ १७१८ साली वारले, मिखाल त्यानंतर तीन वर्षांनी. फर्डिनंडची कीर्ती तोवर बोहेमियाबाहेर गेली होती. व्हिएन्नाच्या थोर वास्तुकाराने, फिशर फॉन एर्लाखने, आखलेली व्रातिस्लाव घराण्यातील उमरावाची समाधी त्याने प्रागच्या संत याकूबाच्या चर्चमध्ये कोरली. ती त्याची सर्वोत्कृष्ट कृती म्हणणारे पुष्कळ आहेत. पण त्याची छाती पोखरत चालली होती. क्षयाने तो ८ मार्च १७३१ रोजी गेला, वय बेचाळीस. वालुकाश्माची गार्‍यांची बारीक धूळ फुप्फुसात बसली की क्षयाला वाट मोकळी होते, हे आपल्याकडच्या दगडखाणींतील मजुरांना वैद्यकाआधी ठाऊक होते. अखेरच्या वर्षांत तो मातीचे नमुने करी आणि दगडात ते उतरवी दुसरेच कुणी, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी ज्याच्या हातावर वडिलांचे नाव होते, त्याचे नाव आता इतरांच्या हातांवर बसू लागले.

या घराण्याच्या धर्माविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. १६२० साली पांढऱ्या टेकडीच्या लढाईत बोहेमियाचे प्रोटेस्टंट उमराव हरले. त्यानंतर त्या देशाला कॅथलिक करण्यात आले ते उपदेशाने कमी आणि सक्तीने अधिक. ज्यांनी नाकारले त्यांना घरदार सोडून जावे लागले. पुलावरची संतांची रांग हा त्या विजयाचाच शेवटचा सोहळा. म्हणजे ज्या प्रेक्षकांसाठी झेवियरच्या पायाशी राजपुत्र गुडघे टेकवून बसवला, त्यांचे आजोबा-पणजोबाच तसे बसवले गेले होते. आणि शिल्प घडवणाऱ्याचे वडील स्वतः पंथ बदललेले. हे लक्षात आल्यावर ते शिल्प गोव्याविषयी बोलते की बोहेमियाविषयी, हे मला निश्चित सांगता येईना. दूरच्या देशाचे नाव घेऊन घरची गोष्ट सांगण्याची युक्ती साहित्यालाही अपरिचित नाही. ब्रोकोफने ती जाणून वापरली असे मी म्हणणार नाही. त्याला काम मिळाले आणि त्याने ते केले.

सप्टेंबर १८९० मध्ये व्लतावेला मोठा पूर आला. वाहून आलेले ओंडके पुलाला अडकले, तीन कमानी कोसळल्या, आणि फर्डिनंडची दोन शिल्पे नदीत गेली : समोरासमोर उभे असलेले संत इग्नेशियस लोयोला आणि फ्रान्सिस झेवियर, जेझुइट संघाचा संस्थापक व त्याचा सहकारी. पूल दोन वर्षांत दुरुस्त झाला. झेवियरच्या जागी १९१३ साली चेन्येक व्होस्मीक या शिल्पकाराने घडविलेली प्रतिकृती बसली. आज मी किंवा तुम्ही जे खांदे पाहतो ते व्होस्मीकच्या टाकीचे आहेत. नाव मात्र ब्रोकोफचेच घेतले जाते, आणि या घराण्याची रीत पाहता त्यात विसंगत असे काही नाही. पाण्यातून काढलेले मूळ शिल्पांचे भग्न भाग प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या शिल्पसंग्रहात ठेवले आहेत.

इग्नेशियसची प्रतिकृती झाली नाही. १९१८ साली हाब्सबर्गांची सत्ता संपून प्रजासत्ताक आले होते, आणि जेझुइटांची आठवण नव्या राज्याला सुखाची नव्हती. त्या रिकाम्या जागेवर १९३८ पासून कारेल द्वोर्झाकने केलेला सिरिल आणि मेथोडियस यांचा समूह आहे. या दोन भावांनी नवव्या शतकात स्लाव लोकांच्या भाषेसाठी लिपी सिद्ध करून तीत धर्मग्रंथ उतरवले. झेवियर त्यांच्यासमोर क्रूस उंचावून उभा आहे, आणि त्याच्या खालचे चौघे अजून त्याला धरून आहेत.